तेहतीस ताशे

आमचा भाटवा बह्याड आहे. भाटवा म्हणजे बहिणीचा नवरा. आणि बह्याड म्हणजे काय ते वर्धा जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नाही. बाहेरच्यांनी आमच्या नीलेशला एकदा बघून घ्यावं. हे वाक्य मी दहा वर्षांत इतक्या वेळा बोललो आहे की हिंगणीच्या पानठेल्यावर मी नुसतं 'आमचा भाटवा' म्हटलं तरी पुढचा शब्द दुसराच कोणीतरी पुरा करतो. मी भाजीवाला माणूस. वांगी, भेंडी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावतो, सेलूच्या बाजारात नेऊन विकतो, उन्हात मरमर मरतो. त्यामुळे उन्हाळ्यात कामधंदा सोडून गावोगाव वाजंत्रीमागे फिरणारा माणूस बघितला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तो माणूस आपल्याच बहिणीच्या कुंकवाचा धनी निघाला तर मग विचारूच नका.

नीलेश देवळीचा. कापसाच्या जिनिंगमध्ये मशीनवर आहे, विशीच्या आत होता तेव्हापासून. दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंग चालतं. तेवढे महिने माणूस बरा असतो, म्हणजे निदान एका जागी सापडतो. होळी झाली, कापूस सरला, मशीन बंद पडली की बाकीचे कामगार दुसरं काही बघतात. कोणी विटाभट्टीवर जातो, कोणी लग्नसराईत आचाऱ्याच्या हाताखाली जातो. आमचा भाटवा पेटीतून पिवळा टी-शर्ट काढतो. त्यावर छातीभर मोठी मधमाशी छापली आहे आणि खाली लिहिलं आहे, आग्यामोहोळ धुमाल ग्रुप, पुलगाव. वय अडतीस, समोरचे केस गेलेले, घरी चौथीतली पोरगी, आणि छातीवर माशी. शोभतं का हे?

आता धुमाल काय असतं तेही सांगून टाकतो. एका ट्रकवर पुरुषभर उंचीचे स्पीकर रचायचे, त्यावर एक बेंजो वाजवणारा बसवायचा, खाली दहाबारा पोट्टे ताशे, ढोल, झांजा घेऊन उभे करायचे, आणि सगळ्यांनी मिळून असा गदारोळ करायचा की रस्त्याकडेच्या घरातली भांडी मांडणीवरून खाली यावीत. मधूनमधून बेंजोवर एखादं गाणं वाजतं म्हणतात. मला तरी ते कधी ओळखू आलं नाही. आमच्याकडे वरातीला धुमाल, गणपतीला धुमाल, जयंतीला धुमाल. वरातीत चार पावलं नाचून घरी येणं मी समजू शकतो, मीही नाचलो आहे. पण नवरा कोण, नवरी कोण, गाव कोणतं याचा पत्ता नसताना, एसटीनं, ट्रकनं, नाहीतर पायी, खांद्यावर गमछा आणि पिशवीत शेवचिवडा घेऊन फिरायचं? आणि तेही दर उन्हाळ्यात?

या मोहोळाचा मालक रिंकू मास्तर. तोच बेंजो वाजवतो. पन्नाशीचा गडी, केस मेंदीनं लाल केलेले, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात अंगात चामड्याचं जाकीट. घामाच्या धारा लागल्या तरी जाकीट काढत नाही. अशा माणसाच्या बोटांकडे आमचा भाटवा एकटक बघत उभा असतो. काय दिसतं त्याला तिथं, देव जाणे.

लग्नाच्या वेळेसच मी ओळखायला हवं होतं. नवरदेव म्हणून यानं ना गाडी मागितली, ना अंगठी. वरातीला आग्यामोहोळ पाहिजे, एवढंच मागितलं. मी मनात म्हटलं, वा, निर्लोभी माणूस मिळाला. मग वरात निघाली, आणि मारुतीच्या देवळापासून आमच्या दारापर्यंतच्या दोन फर्लांगाला तिनं चार तास घेतले. कारण नवरदेव घोड्यावरून उतरला आणि स्पीकरला हात लावून उभा राहिला. मुहूर्त टळला, भटजी तापले, आमच्या बापानं कपाळावर हात मारून घेतला. शेवटचं मंगलाष्टक सरलं, अंतरपाट दूर झाला, लोकांनी टाळ्या पिटल्या, तरी हा हार हातात धरून उभाच. आमच्या बहिणीनं, उज्वलानंच शेवटी मान पुढं केली.

तेव्हापासून तो आमच्या डोक्यावर मिऱ्या वाटतो आहे. घरी आला की टीव्ही एवढा मोठा लावतो की गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहतात. बोलतो तेही असंच, गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं असं. आपण काही बोललो की आपल्या तोंडाकडे असा टक लावून बघतो जसं काही आपल्या दातात भाजी अडकली आहे. आणि उत्तर काय, तर 'हो हो'. भाव पडले, हो हो. माणूस मेला, हो हो. पोरगी रोशनी त्याच्याशी बोलायचं तर आधी हाताला धरून ओढते, मग बोलते. तोवर याला बोलण्यात रस नाही. माणसाला माज किती असावा!

जावई म्हणून तोंडावर काही बोलता येत नाही, हीच आमची पंचाईत. मान द्यावा लागतो. म्हणून मी काय ते मागून बोलायचो. तो अंगणात हात धूत असला की मी ओट्यावरून बोलायचो, तो जेवायला बसला की मी दारातून बोलायचो. आवाज बारीक करावा असं मला कधी वाटलं नाही. ऐकलं तर ऐकलं, लाज वाटली तर बरंच. पण त्याला लाज म्हणून वाटली नाही. उलट जाताना हात जोडून, सगळे दात दाखवून, 'येतो किशोरभाऊ' म्हणून जायचा. कातडी गेंड्याची, दुसरं काय. शेजारपाजारच्या लोकांना मात्र माझ्या बोलण्याची चांगलीच करमणूक होती. नीलेश आला असं कळलं की दोघंतिघं उगाच आमच्या कुंपणाशी येऊन उभे राहायचे.

दोन वर्षांपूर्वी भेंडी घेऊन टेम्पोनं जामला गेलो होतो. चौरस्त्यावर ही गर्दी. ढाब्यांच्या मागच्या मोकळ्या मैदानात मोहोळ लागलेलं. टेम्पो अडकला म्हणून उतरून बघितलं, तर आमचे भाटवे सगळ्यांच्या पुढं, सर्वांत मोठ्या स्पीकरवर तळहात टेकवून, डोळे मिटून, तोंड उघडं टाकून उभे. बाकीचे नाचत होते. हा नाचतही नव्हता. ताशे थांबले तेव्हा मी मागून तीनदा हाक मारली. वळून बघितलं नाही. चार हातांवर साळा उभा आहे, नावानं हाका मारतो आहे, आणि हा ढिम्म. दिवसभर भेंडीसारखाच मी आंबलो होतो. त्या दिवसापासून मी त्याच्या नावापुढं जी लावणं सोडलं.

हे सगळं मी कानाआड केलं असतं. पण आमच्या मायचं, शालूबाईचं, काय? माझा राग तिच्यासाठी होता.

धोंड्याचा महिना दर तिसऱ्या वर्षी येतो. या महिन्यात जावयाला घरी बोलावून पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, जेवू घालायचं, आणि तेहतीसच्या मोजणीनं वाण द्यायचं, तेहतीस अनारसे नाहीतर तेहतीस बत्तासे. ज्या सासूचा जावई धोंड्याला आला नाही तिला गावातल्या बाया वर्षभर विचारतात, काऊन वो, आले नाई? मायला एकच पोरगी, एकच जावई. लग्नानंतरचा पहिला धोंडा आला तेव्हा नीलेश मोहोळामागे हिंगणघाटला. दुसऱ्या वेळी लॉकडाऊन. तिसऱ्या वेळी श्रावणातला धोंडा, तर हे महाशय कावडीच्या मिरवणुकीत मोहोळासोबत. तिन्ही वेळा मायनं पाट मांडला आणि तिन्ही वेळा उचलून ठेवला. शेजारची मनकर्णाबाई तिला दर खेपेस म्हणायची की, तुमच्या जवायाले आता ट्रकवरच ओवाळून या. माय हसायची. घरात येऊन भांडी जोरानं आपटायची.

यंदा धोंडा जेठात आला, ऐन नवतप्यात, वर्षातल्या सगळ्यांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. माय सत्तरीला टेकलेली. पुढचा धोंडा तीन वर्षांनी. ती तेव्हा असेल नसेल, हे ती बोलली नाही आणि आम्हीही बोललो नाही. पण यंदा जवाई पाटावर बसला पाहिजे, हे तिनं मनाशी धरून ठेवलं होतं. अंगणातलं शेण-सारवण महिनाभर आधीच सुरू झालं.

आणि यंदाच नेमकं मोहोळानं काय काढावं? धोंड्यात लग्नं नाहीत, म्हणजे वराती नाहीत. बसून राहायचं कसं म्हणून रिंकू मास्तरनं जिल्हाभर खुल्या मैदानातले कार्यक्रम लावले. भिंतीभिंतीवर पोस्टर झळकले, आग्यामोहोळचा उन्हाळी दौरा. पुलगाव, देवळी, जाम, समुद्रपूर, हिंगणघाट, आर्वी, शेवटी सेलू. पोस्टर बघितल्याबरोबर मी मायला सांगितलं की यंदाचाही पाट उचलून ठेव. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग तिनं स्वतःच फोन लावला. एरवी ती उज्वलाशी बोलते, नीलेश फोन घेतच नाही. त्या दिवशी उज्वलाचा फोन लागेना, म्हणून हिनं थेट जावयाला लावला. मायचा आवाज तसा बारीक, पण ओट्यावर बसून ती जीव तोडून बोलत होती. मी बाजूला वांगी निवडत होतो. धोंड्याच्या जेवणाला या म्हणाली, अमक्या दिवशी या म्हणाली. तिकडून हो हो. मग ही म्हणाली, "तेहतीस बत्तासे मांडून ठेवले तुमच्यासाठी, जवाईबापू."

 मग नीलेशचा आवाज फोनमधून अंगणभर आला. "तेहतीस? एकदम तेहतीस?"

मायनं सांगितलं, हो जी, पुरे तेहतीस. तो म्हणाला मग येतो, पक्का येतो, सकाळीच येतो. मायच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं पदरानं फोन पुसला आणि मनकर्णाबाईच्या घराकडं गेली, सांगायला. मी वांगी निवडत राहिलो. दहा वर्षं ज्याला सासूची आठवण नाही त्याला साखरेच्या चार दाण्यांचं एवढं अप्रूप? मला काही हा मामला सरळ दिसला नाही. पण मायचा चेहरा बघून तोंड बंद ठेवलं.

तो दिवस उजाडला. अंगणात हिरव्या जाळीचा मांडव घातला होता. चाळीसएक पाहुणे. पाट, भोवती रांगोळी, पितळी परात, नवं धोतर-उपरणं. वर्धेहून आणलेले बत्तासे मायनं तीनतीनदा मोजून ताटात रचले होते. तिनं नवं लुगडं नेसलं होतं आणि ती दर पाच मिनिटांनी फाटकापर्यंत जाऊन येत होती. दहा वाजले, साडेदहा वाजले, अकरा वाजले. ऊन असं की जाळीखाली बसून टाळू तापत होती. मनकर्णाबाईनं सगळ्यांसमोर विचारलं, येतेत ना वो? माय म्हणाली, येतेत. आणि पुन्हा फाटकाकडं निघाली.

साडेअकराला जमीन हादरायला लागली. आधी वाटलं गावाजवळच्या धरणाकडून मोठी गाडी येते आहे. मग धुळीतून पिवळा ट्रक निघाला. स्पीकर रचलेला, मागं माशीछाप पोट्टे लटकलेले, आणि पुढं टपावर, एखादा मंत्री उभा राहतो तसा, आमचा भाटवा. संध्याकाळी सेलूला कार्यक्रम होता त्यांचा. वाट वाकडी करून अख्खं मोहोळ यानं आमच्या दारात आणलं होतं. उज्वला ड्रायव्हरच्या बाजूला तोंडावर पदर घेऊन बसली होती. रिंकू मास्तर जाकिटासकट खाली उतरला. त्याच्यामागं अर्धं गाव गोळा झालं.

नीलेश उडी मारून उतरला. मायच्या पाया पडला, आणि मग अंगणात इकडंतिकडं बघायला लागला. मांडवाच्या मागं बघून आला, गोठ्यात बघून आला. मग त्याच्या त्या आवाजात त्यानं विचारलं, "ताशे कुठं हायेत?"

माय म्हणाली, कोणते ताशे?

"तेहतीस ताशे. तुमीच तं सांगतले फोनवर. मास्तरले म्हणूनच आणलं, का माह्या सासरी तेहतीस ताशे मांडून ठेवले."

 मायनं वळून ताटाकडं बघितलं, त्यातल्या बत्ताशांकडं. तिनं ते ताट उचललं आणि दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरलं. 

लोकांना नीलेशच्या आधी समजलं. असा हशा उसळला की जाळीचा मांडव हलला. पाहुणे हसले, मोहोळाचे पोट्टे हसले, मनकर्णाबाई तर भिंतीला धरून खाली बसली. रिंकू मास्तरनं काळा चष्मा काढून ताटाकडं बघितलं. आणि मी, दहा वर्षांचा भरलेला, नीलेशच्या पाठीमागं दोन हातांवर उभा होतो. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "या भैताडाले तेहतीस बत्तासे नोका देऊ. तेहतीस जोडे मोजून द्या."

पुन्हा हशा, पहिल्यापेक्षा मोठा. सगळे माझ्याकडं बघून हसताहेत हे बघून नीलेश वळला. माझ्याकडं बघून तोही हसला आणि त्यानं मला हात जोडले. मग त्यानं पुन्हा ताटाकडं बघितलं, लोकांच्या तोंडांकडं बघितलं, एकेकाच्या, आणि तेव्हा त्याला समजलं. त्याचा चेहरा पडला.  तो मान खाली घालून ट्रककडं निघाला. माय ताट घेऊन त्याच्यामागं चार पावलं गेली. जवाईबापू, जवाईबापू म्हणाली. तो थांबला नाही. त्यानं वर चढायला ट्रकच्या दांडीला हात घातला.

मी मायला म्हणालो, जाऊ दे त्याले. तेवढ्यात उज्वलानं मला दंडाला धरून गोठ्याकडं ओढलं. ती कधी माझ्यापुढं मान वर करून बोलली नव्हती.

"दादा, मांगून नोको बोलू त्याहिले. ऐकू येत नाई. जिनिंगच्या मशीननं कान गेले त्याहिचे. समोरून बोललं तं तोंड पाहून समजून घेतेत, मांगून काईच नाई."

मी म्हणालो, कधीपासून? ती म्हणाली, लग्नाच्या आधीपासून थोडं होतं, आता पार गेलं, फोन कानाला दाबून धरला तर एखाददुसरा शब्द तेवढा कळतो. जिनिंगमध्ये समजलं तर मशीनवरून काढून टाकतील म्हणून कुठं बोललो नाही. चार माणसांत बसले की सगळे एकदम बोलतात, हे चुकीचं उत्तर देतात, लोक हसतात. म्हणून कुठं येत नाहीत, धोंड्यालाही याच्याचपायी आले नाहीत. ताशे तेवढे आत जातात, छातीतून जातात म्हणतात. मग ती थांबली आणि म्हणाली, "माय बत्तासे म्हणाली हे मले मालूम होतं. हे ताशे समजले, म्या समजू देल्लं. बत्ताशासाठी आले नसते. ट्रक आणतीन हे नोतं मालूम."

मी विचारलं, काऊन सांगितलं नाई कधी मले?

"तुले?" ती म्हणाली. बस, एवढंच. मग तोंडाला पदर लावून तिनं ट्रककडं बघितलं.

 मी वळून बघितलं, तर नीलेशचा एक पाय अजून जमिनीवर होता. माय त्याच्या पाठीशी ताट घेऊन उभी होती आणि त्याच्या पाठीला हाका मारत होती. चौथ्यांदा पाट उचलायची पाळी तिच्यावर येत होती, आणि ती मी आणली होती. मग मी असं केलं जे मला आदल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता. मी रिंकू मास्तरजवळ गेलो आणि हात जोडले. म्हणालो, वाजवा.

मास्तर माझ्याकडं बघून म्हणाला, "सहा ताशे हायेत माह्याजवळ. तेहतीस कुठून आणू?"

"सहा तं सहा."

त्यानं नीलेशच्या पाठीकडं बघितलं, मग मायकडं. काय ओळखायचं ते त्यानं ओळखलं असावं, की त्याला आधीपासून माहीत होतं, मला विचारायचं सुचलं नाही. चामड्याच्या जाकिटातला तो माणूस ट्रकवर चढला. पोट्ट्यांनी ताशे गळ्यात घातले आणि आमच्या सारवलेल्या अंगणात, मांडवाच्या आत येऊन उभे राहिले. पहिली काडी पडली आणि माझ्या बरगड्यांना धक्का बसला.

नीलेशचा दांडीवरचा हात सुटला. तो वळला.

माय त्याच्या समोरच होती. तिनं ताटानंच पाटाकडं खूण केली. तो आला, पाटावर बसला. मायनं परात ओढली आणि त्याचे पाय धुतले. ताशे वाजत होते. कोणाला कोणाचं काही ऐकू येत नव्हतं. मनकर्णाबाई काहीतरी बोलत होती, तिचं तोंड उघडझाप होत होतं, पण आवाज नाही. सोयऱ्यांचं, गावाचं, माझं, सगळ्यांचं तेच. चाळीस माणसं त्याच्यासारखीच झाली होती आणि तो मात्र मान डोलावत, पाण्यात पाय ठेवून, पोरासारखा खूश होऊन बसला होता. मायनं कुंकू लावलं, तेहतीस बत्तासे पुढं ठेवले. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

ताशे थांबले. पंगत बसली. मोहोळाचे पोट्टेही बसले, मास्तरला नीलेशनं आपल्या समोर बसवून घेतलं. मी वाढायला उभा होतो. आता अंगण शांत होतं आणि नीलेशनं, घरी आलेल्या मोठ्या माणसाला घरच्यांची ओळख करून द्यावी म्हणून, आपल्या त्या गावभर जाणाऱ्या आवाजात सुरू केलं. हे माही सासू म्हणाला, असं जेवण जिल्ह्यात कोणाच्या हातचं नाई म्हणाला. माय लाजली. मग त्यानं माझ्याकडं हात केला.

"आन् हे माहे साळे, किशोरभाऊ. दहा वर्षं झाले मास्तर, मले एक वाकडा शब्द नाई बोलले. लोकाइचे साळे पाहा आन् हे पाहा."

पंगतीत आमची चाळीस माणसं होती. त्या चाळीसांनी दहा वर्षं माझं बोलणं ऐकलेलं होतं, अर्ध्या तासापूर्वीचंही ऐकलेलं होतं. कोणी हसलं नाही. मनकर्णाबाईनं घास तसाच हातात धरला. उज्वला दारात उभी होती, ती आत निघून गेली. मला वाटलं कोणीतरी हसावं, निदान मास्तरनं हसावं. मी खाली वाकलो आणि नीलेशच्या पानात वरण घालायला लागलो. 

"पाहा," नीलेश सगळ्यांना सांगत होता, "सोता हातानं वाढून राह्यले."